रिकामा डबा

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते.

मुलगी 8 वर्षांची. आई नोकरी करते, पहाटे 5 ला उठते आणि 7 च्या आत मुलीचा डबा भरून ठेवते. डबा पौष्टिकच असला पाहिजे हा तिचा ध्यास. पालक वाटून घालायचा, गाजर-बीट किसून लपवायचं, मैदा नाही, साखर नाही, तळलेलं नाही, पाकिटातलं तर मुळीच नाही. वर्षभर डबा रोज रिकामा परत येत होता. आईला कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटत होतं. चार मैत्रिणींना तिनं आपल्या कृतीही लिहून दिल्या. मग एक दिवस मुलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई सहज बोलून गेली, "तुमची लेक डबा टोपलीत ओतते म्हणे." घरी विचारल्यावर मुलगी आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली आणि शेवटी म्हणाली, "संपला नाही की तू रागावतेस ना."

आई लिहिते, "अन्न वाया गेल्याचं वाईट वाटतंच, पण ती वर्षभर माझ्याशी खोटं बोलली हे जास्त लागलं. सासूबाई म्हणतात, मुलांना आवडतं ते द्यावं, बिस्किटं द्या, वेफर्स द्या, काहीतरी पोटात जाईल. नवरा म्हणतो, तू फार ताण घेतेस. बाईंना सांगून तिच्यावर लक्ष ठेवायला लावू का? की हात टेकून तिला हवं ते देऊ? माझं चुकलं तरी काय?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा त्या टोपलीचा विचार केला. 8 वर्षांची मुलगी, हातात उघडा डबा, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेते आणि ओतते. मग झाकण लावते, डबा दप्तरात ठेवते आणि उपाशीपोटी तासाला बसते. वर्षभर. तुम्हाला यात खोटेपणा दिसला. मला यात एक मूल दिसतं, ज्याला आईची नाराजी भुकेपेक्षा जड वाटते. हे लिहिताना तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. पहाटे 5 ला उठून लेकरासाठी पालक वाटणाऱ्या बाईला कोणीच दोष देऊ नये.

पण तुम्हीच पत्रात लिहिलं आहे, की ती घरी आली की दारातच तुम्ही विचारता, "डबा संपवलास?" तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 6-7 तासांनी घरी आलं की पहिला प्रश्न हा. त्याला एकच उत्तर चालतं. उत्तर "हो" असेल तर आईचा चेहरा फुलतो, "नाही" असेल तर पुढची 10 मिनिटं कशी जाणार हे तिला पाठ आहे. प्रश्न डब्याबद्दल होता, म्हणून तिनं डब्याची सोय लावली. तुम्ही पोटाबद्दल विचारत होतात हे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

म्हणून सगळ्यात आधी, आज संध्याकाळीच, एवढं करा. तिला जवळ घ्या आणि सांगा, "तू डबा ओतत होतीस ते मला कळलं. मी त्यावरून रागावणार नाही. आजपासून उरलेलं सगळं डब्यातच परत आण. मला बघायचंय तुला काय खाववत नाही ते, म्हणजे मला नीट भरता येईल." बस्स. खोटं बोलण्यावर व्याख्यान नको, अन्नाचा अपमान नको, जगातली उपाशी मुलं तर नकोतच. आणि मग डबा खरंच अर्धा परत येईल. त्या दिवशी तुमची परीक्षा आहे. चेहरा बदलू न देता तो बघायचा. उरलेलं अन्न हा तुमच्या हातात आलेला पहिला खरा निरोप आहे. रिकाम्या डब्यानं वर्षभरात तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं.

बाईंना लक्ष ठेवायला सांगू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नका सांगू. घरातला पहारा शाळेतही सुरू झाला, तर तिला खाण्यासाठी मोकळी जागाच उरणार नाही. 2006 साली अमेरिकेत एमी गॅलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना सूप दिलं. काही वेळा नुसतं समोर ठेवलं, काही वेळा "सूप संपवा बरं" असं पुन्हा पुन्हा म्हटलं. आग्रह केला तेव्हा मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याबद्दल कितीतरी जास्त कुरकुर केली. गोड शब्दांतला आग्रहसुद्धा मुलाला ढकलल्यासारखाच वाटतो. बाईंना विचारायचंच असेल तर वेगळं विचारा. मुलं डबा खायला बसतात तेव्हा प्रत्यक्षात किती वेळ मिळतो? कुठे बसतात? हात धुवायला रांग लागते का? या उत्तरांचा तुम्हाला फार उपयोग होईल.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि ती बहुतेक घरांत असते. दिवसभराचं सगळं पोषण त्या एका डब्यात बसलं पाहिजे, ही. पालेभाजी डब्यात, बीट डब्यात, कडधान्य डब्यात, सुकामेवाही डब्यात. का? कारण बाकीच्या वेळी ती काय खाते यावर आपला ताबा नाही असं वाटतं. खरं तर उलट आहे. सकाळचं खाणं, घरी आल्यावरचं खाणं, रात्रीचं जेवण, ही सगळी तुमच्या डोळ्यांसमोर होतात. डबा हा असा एकच घास आहे, जिथं तुम्ही नसता, अन्न गार असतं, वेळ कमी असतो आणि शेजारी मैत्रीण असते. जिथं परिस्थिती सगळ्यात अवघड, तिथं आपण सगळ्यात अवघड पदार्थ पाठवतो.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रयोग सुरू केला, तो मला वारंवार आठवतो. नुकतंच वरचं अन्न सुरू करण्याच्या वयातल्या 15 बाळांसमोर साधे, शिजवलेले किंवा कच्चे असे 34 पदार्थ आळीपाळीनं ठेवले. कोणी भरवायचं नाही, कोणी सुचवायचं नाही. बाळानं बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच चमचा द्यायचा. एकेका वेळचं जेवण विचित्रच व्हायचं. एक बाळ संत्र्याचा रस आणि कलेजी खाऊन मोकळं, दुसऱ्याचं रात्रीचं जेवण म्हणजे अंडी, केळी आणि दूध. तरी महिनोन्‌महिन्यांचा हिशोब केला तर सगळी बाळं छान वाढली. "मुलांना कळतं, त्यांना हवं ते द्या" म्हणणारे लोक ही गोष्ट इथंच थांबवतात. डेव्हिस थांबल्या नव्हत्या. त्यांनीच स्पष्ट केलं, की खरी किमया त्या 34 पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. बाळ निवडत होतं, पण निवडायला समोर काय असावं हे मोठ्यांनी ठरवलं होतं.

ताई, तुमच्या आणि सासूबाईंच्या वादाचं उत्तर मला यात दिसतं. सासूबाई म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, की मुलाच्या पोटात गेलं तरच अन्न. तुमचं अर्धं बरोबर आहे, की काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी फार नेमकी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे आईवडिलांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं ठरवायचं. तुम्ही तुमची तिन्ही कामं उत्तम करत होतात. वर तिची दोन कामंही स्वतःकडे घेतलीत, तिथं गाडं अडलं.

आता एक काम सांगते, ते तुम्हाला थोडं वेगळं वाटेल. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ला तिचा डबा भरा, अगदी नेहमीसारखा. स्वतःसाठीही तसाच एक भरा. झाकण लावून दप्तरात ठेवा. साडेअकरापर्यंत हात लावायचा नाही, गरम करायचं नाही. मग दोघी जमिनीवर बसा, 12 मिनिटांचा गजर लावा आणि खा. झाकण तिचं तिनं उघडायचं, तुमचं तुम्ही.

हे मी करून बघितलं आहे. पहिली गोष्ट जाणवते ती झाकणाच्या आतली. गरम अन्न भरून लगेच बंद केलेलं असतं, त्यामुळे झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमलेले असतात आणि ते वरच्या थरावर ठिबकलेले असतात. कुरकुरीत होतं ते मऊ, मऊ होतं ते चिकट. वाटलेला पालक गार झाला की त्याला एक उग्र वास येतो, गरम असताना तो जाणवत नाही. किसलेल्या बिटाचं पाणी सुटून शेजारचा भात लालसर होतो. घरी ताटात वाढलेली आणि चार तासांनी डब्यातून निघालेली वस्तू एक नसते. मी माझ्या घरी तीन घास खाऊन थांबले होते. आणि मुलाकडून मात्र रोज पूर्ण डब्याची अपेक्षा करत होते.

दुसरी गोष्ट झाकणाची. माझा मुलगा 6 वर्षांचा असताना 3 आठवडे त्याचा डबा भरलेला परत येत होता. मी रोज पदार्थ बदलत होते. एके दिवशी बागेत बसलो असताना त्यानं तोच डबा माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "आई, तू उघड ना, माझ्याच्यानं नाही उघडत." चार बाजूंनी खटके असलेलं झाकण होतं. एका खटक्यात त्यानं अंगठा घातला होता, नख पांढरं पडलं होतं आणि बोटावर लाल वळ उठला होता. घरी डबा मीच उघडायचे, म्हणून मला कधी कळलं नाही. वर्गात बाईंना सांगायची त्याला लाज वाटत होती. नवा डबा आणला त्या दिवशी त्यानं तेच अन्न खाल्लं, जे आदल्या दिवशी जसंच्या तसं परत आलं होतं. तुमच्या मुलीला झाकण उघडता येत असेल, कारण तिला ओतता येत होतं. पण हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरात अडचण एवढीच असू शकते.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि तिच्याबद्दल मला फार पोटतिडकीनं वाटतं. सुट्टी 20 मिनिटांची असते असं आपण म्हणतो. त्यात वही आवरणं, दप्तर काढणं, हात धुणं, जागा शोधणं, मैत्रिणीला एक गोष्ट सांगणं हे सगळं येतं. खरं खाणं 10-12 मिनिटांत उरकतं. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांत झालेला एक अभ्यास 2016 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना बसून खायला 20 मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळाला, त्यांनी मुख्य पदार्थ 13 टक्के कमी आणि भाज्या 12 टक्के कमी खाल्ल्या. अन्न तेच होतं. मूल घाईत असलं की आधी सोपं आणि ओळखीचं खातं आणि चावायला लागणारं ठेवून देतं, आपणही तेच करतो. शिवाय खेळाची सुट्टी खाण्यानंतर असेल तर मुलाचं लक्ष मैदानाकडेच असतं. अमेरिकेतल्याच काही प्राथमिक शाळांनी खेळ आधी आणि जेवण नंतर असं केलं, तेव्हा फळं-भाज्या खाण्यात 54 टक्के वाढ झाली. पालकसभेत हा मुद्दा मांडायला हरकत नाही. नव्या पाककृतीपेक्षा याचा फायदा जास्त मुलांना होईल.

आता डबा भरायचा कसा ते बोलू. 8 वर्षांच्या मुलीला 12 मिनिटांत, गार, हातानं किंवा एका चमच्यानं खाता येईल असं असावं, ही पहिली चाळणी. या चाळणीतून जे पडेल ते पडू द्या, कितीही पौष्टिक असलं तरी. मग बघायचं, की त्यात पोट भरणारं एक काहीतरी आहे ना, म्हणजे तुमच्या घरात रोज शिजतं ते धान्य, पाव किंवा उकडलेला बटाटा. प्रथिनं देणारं एक काहीतरी आहे ना, म्हणजे अंडं, उकडलेले हरभरे, डाळ, दाणे, चीज, काय चालत असेल ते. हे दुसरं बऱ्याच डब्यांत विसरतं आणि मग मूल दोन तासांत पुन्हा भुकेलं होतं. एक फळ किंवा कच्ची भाजी. काकडीचे तुकडे, गाजराच्या कांड्या, सोललेलं संत्रं. संत्रं सोलूनच द्या, न सोललेलं फळ बहुतेक वेळा फिरून घरी येतं. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात म्हणून मुलं खात नाहीत. त्यांना थोडा लिंबाचा रस चोळा किंवा मिनिटभर मिठाच्या पाण्यात बुडवून निथळून घ्या. डाळी-हरभऱ्यांसोबत संत्रं किंवा लिंबू असलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात जास्त शोषलं जातं, हा एक जोडफायदा.

आणि सगळं कमी भरा. तुम्ही भरता त्याच्या निम्मं. मुलाला भरलेला डबा उघडल्यावर डोंगर दिसतो. थोडं असलं की संपतं, संपलं की तिला स्वतःलाच बरं वाटतं आणि उद्या ती म्हणेल, "आई, जरा जास्त दे." ते वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे.

लपवणं मात्र थांबवा. हे मी जरा ठामपणे सांगते. पालक वाटून घातल्यानं पोटात पालक जातो हे खरं, पण मुलीला पालक आवडायला शिकवत नाही. उलट ज्या दिवशी तिला कळतं, त्या दिवसापासून ती प्रत्येक घासाकडे संशयानं बघते. लीअन बर्च या संशोधक बाईंनी लहान मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून दिसलेली गोष्ट अशी, की नवी चव आपलीशी व्हायला मुलाला ती साधारण 8 ते 15 वेळा चाखावी लागते. बहुतेक आया तिसऱ्या-चौथ्या वेळी "हिला आवडतच नाही" म्हणून सोडून देतात. तुम्हीही सोडून दिलं असेल आणि मग लपवायला लागला असाल. ही 15 वेळांची तालीम घरी करा, डब्यात नको. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली वेळ म्हणजे तुम्ही संध्याकाळी स्वयंपाक करत असता ती. मूल भुकेलं असतं, ओट्याजवळ घुटमळत असतं. तेव्हा चिरता चिरता गाजराच्या दोन कांड्या, चार मटार, बिटाची एक पातळ चकती वाटीत ठेवा आणि काही बोलू नका. खाल्लं तर खाल्लं. घरात जी वस्तू ती न सांगता उचलते, ती डब्यात जायला योग्य झाली. नवीन पदार्थानं डब्यात प्रवेश करायचा असेल तर त्याच्या शेजारी दोन ओळखीचे हवेत, म्हणजे तो नाही खाल्ला तरी ती उपाशी राहत नाही.

एक सावधगिरी. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की असं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सकाळी 7 ला भरलेला डबा साडेअकराला उघडतो, म्हणजे साडेचार तास. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपा. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. ओला पदार्थ द्यायचा तर उष्णता टिकवणाऱ्या डब्यात द्या. त्यात आधी 5-10 मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग वाफाळतं अन्न भरा. नाहीतर गारच द्या, आणि शेजारी रात्रभर गोठवलेली छोटी पाण्याची बाटली ठेवा. सुट्टीपर्यंत तिचं प्यायचं पाणी होतं. हे दोन्ही जमणार नसेल त्या दिवशी कोरडं द्या, दाणे, पाव, चणे, अख्खं केळं. वास येतोय म्हणून मुलानं डबा टाकला असेल, तर ते शहाणपणच समजा.

आता बिस्किटं आणि वेफर्स. "मुळीच नाही" हा तुमचा नियम आहे. 1999 साली बर्च आणि जेनिफर फिशर यांनी मुलांसमोर एक खाऊ दिसेल असा ठेवला, पण तो ठराविक वेळीच मिळेल असं केलं. मुलांचं लक्ष सारखं त्याकडेच जायला लागलं, तो मागणं वाढलं. मनाई केली की त्या वस्तूचं मोल चढतं. दुसरीकडे सासूबाई म्हणतात तसं रोज दिलं, तर 12 मिनिटांत मूल तेवढंच खाईल आणि बाकीचं राहील. मी स्वतः मधला रस्ता धरला. आठवड्यातून एक दिवस डब्यात एक छोटा खाऊ, दिवस ठरलेला नाही, आणि तो कशाचंही बक्षीस नाही. "भाजी संपवलीस तर बिस्किट" या वाक्यानं भाजी शिक्षा होते आणि बिस्किट बक्षीस, दोन्ही तोट्याचे सौदे. साखरेचा अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा लक्षात ठेवा. वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत. तुमच्या मुलीच्या वयाला 1500 उष्मांक धरले तर 5 टक्के म्हणजे साधारण 19 ग्रॅम. फळाच्या रसातली साखरही त्यात मोजतात. 200 मिलीलिटरच्या एका रसाच्या खोक्यात जवळपास 20 ग्रॅम साखर असते, म्हणजे "आरोग्यदायी" म्हणून दिलेल्या त्या एका खोक्यात दिवसाचा कोटा संपला. डब्यासोबत पाणीच द्या.

एक प्रश्न मात्र तुम्ही तिला कधी विचारला आहे असं पत्रातून दिसलं नाही. डबा उघडल्यावर कोणी काही बोलतं का? "शी, तुझा डबा हिरवा कसा?" एवढं एक वाक्य वर्षभराची टोपली व्हायला पुरतं. मुलांना इतरांपेक्षा वेगळं दिसण्याची भीती फार असते आणि ती घरी सांगताना त्यांना वाटतं की आईच्या मेहनतीचा अपमान होतोय. थेट विचारू नका. रात्री दिवा मालवल्यावर, शेजारी पडून, "तुझ्या मैत्रिणीच्या डब्यात आज काय होतं?" एवढं विचारा आणि ऐका. मैत्रिणीचं सांगता सांगता ती स्वतःचं सांगेल. तसं काही निघालं तर दिसायला साधा डबा द्या आणि हिरवं घरी ठेवा, त्यात माघार वगैरे काही नाही. वाटून खाणं चालत असेल तर छानच, फक्त कोणाला दाण्यांची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का हे वर्गात आधी विचारून घ्या.

तुमचे पती म्हणतात तुम्ही ताण घेता. मला त्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. ताण घेऊ नको म्हटल्यानं ताण जात नाही, आठवड्यातून दोन दिवस डबा स्वतः भरल्यानं जातो. तो तुमच्यासारखा होणार नाही, आणि तुम्ही तो उघडून तपासायचा नाही. एक दिवस मुलीला द्या. 8 वर्षांच्या मुलीला काकडी कापता येते, अंडं सोलता येतं, पावाला काहीतरी लावता येतं. तुम्ही आदल्या रात्री तीन वाट्या समोर ठेवा, एकीत पोट भरणारं, दुसरीत प्रथिनांचं, तिसरीत फळ-भाजी. तिनं प्रत्येकीतून निवडून भरायचं. स्वतःच्या हातानं सोललेलं अंडं टोपलीत टाकणं जरा जड जातं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. मूल 5 वर्षांच्या आतलं असेल तर अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं डब्यात देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. आणि मूल मोठं असेल, डबाच नको म्हणत असेल, तर डब्यासाठी भांडू नका. खिशात मावेल असं काहीतरी द्या, दाणे, केळं, आणि घरी आल्याबरोबर पूर्ण जेवण तयार ठेवा.

काळजी कधी करायची तेही सांगते. मुलीचं वजन-उंची वर्षभरात वाढलीच नाही, ती सारखी दमते, फिकट दिसते, खाताना वारंवार ठसका लागतो किंवा उलटीची उबळ येते, अथवा ती एवढे मोजकेच पदार्थ खाते की ते हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि तेही कमी होत चाललेत, तर सदर वाचत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. वाढीचा तक्ता त्यांच्याकडे असतो, दोन-तीन वर्षांच्या नोंदी एका रेषेवर बघितल्या की चित्र लगेच कळतं. तुम्ही लिहिलंत की ती घरी आल्यावर भरपूर जेवते, खेळते, कपडे दर वर्षी आखूड होतात. त्यावरून मला तशी भीती वाटत नाही. ती दुपारी उपाशी राहत होती आणि संध्याकाळी भरून काढत होती.

तर उद्यापासून असं. दारातला प्रश्न बंद. ती आली की आधी पाणी, मग खायला काहीतरी सकस आणि भरपूर, कारण ती भुकेली असणार. दप्तरातून डबा ती स्वतः काढून ओट्यावर ठेवेल, ते तिचं काम. ती खेळायला गेली की तुम्ही तो उघडा, काय उरलंय ते बघा आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवा: गाजर खाल्लं, भात उरला, अंडं खाल्लं. 15 दिवस नुसतं लिहा. मग तो कागद मला पाठवा, त्यावरून पुढचं बोलू.